यष्टींमागचा सभ्य गृहस्थ

कसोटी क्रिकेटमध्ये सर्वाधिक फलंदाजांना यष्टिचीत करण्याचा विक्रम आजही ऑस्ट्रेलियाच्या बर्ट ओल्डफिल्ड यांच्या नावावर आहे. ५४ कसोटींत त्यांनी ५२ जणांना यष्टिचीत केले. महेंद्रसिंह धोनीची मजल ९० कसोटींत ३८ पर्यंतच गेली.

सिडनीत १८९४ मध्ये जन्मलेल्या ओल्डफिल्ड यांची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली असती. पहिल्या महायुद्धात ते सैन्याच्या रुग्णसेवा पथकात होते. १९१७ मध्ये बेल्जियममधील पॉलिगॉन वूड येथे तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर ते मातीत अर्धवट गाडलेल्या अवस्थेत सापडले. त्यातून सावरून १९२० मध्ये त्यांनी इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण केले. आर्थर मेली, क्लॅरी ग्रिमेट या फिरकीपटूंना त्यांनी समर्थ साथ दिली. त्यांच्या यष्टिरक्षणात चपळाई होती, पण आरडाओरडा नव्हता.

जानेवारी १९३३ मध्ये 'बॉडीलाइन' मालिकेतील अॅडलेड कसोटीत लारवूडचा चेंडू हूक करताना बॅटची कड घेऊन त्यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला तडा गेला. प्रेक्षक खवळले. वस्तुतः त्या वेळी बॉडीलाइनची क्षेत्ररचना नव्हती. ओल्डफिल्ड यांनीही लारवूडला दोष न देता चूक आपलीच असल्याचे मान्य केले. पुढची कसोटी त्यांना मुकावी लागली; अखेरच्या कसोटीत मात्र ते परतले.

१९३७ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले. १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवड समितीने त्यांना वगळले आणि कारकिर्दीवर पडदा पडला. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. विक्रम मात्र अबाधित आहे.