विश्लेषण : संगणकाला पहिले सूर कसे सापडले?

संगणकाने क्षणात सूर काढणे ही आज नवलाची गोष्ट नाही. १९५१ मध्ये मात्र मँचेस्टर विद्यापीठातील एका अवाढव्य यंत्राने ते एकाच आज्ञेच्या जोरावर साधले. ही रीत अॅलन ट्युरिंग यांनी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवली होती.

ट्युरिंग कोण होते?

त्यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास प्रांतात सनदी अधिकारी होते. १९३६ च्या शोधनिबंधात ट्युरिंग यांनी संगणकाची सैद्धांतिक पायाभरणी केली. महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे एनिग्मा संदेश उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ मध्ये ते मँचेस्टरला आले.

ध्वनी कसा निर्माण होई?

‘फेरांटी मार्क १’ या संगणकाला एक भोंगा जोडलेला होता. एका आज्ञेने त्यातून केवळ ‘टक्’ असा आवाज येई. तीच आज्ञा वेगाने, समान अंतराने देत राहिले की कानाला सलग सूर ऐकू येई. यंत्राचा एक ठोका ०.२४ मिलिसेकंदाचा. दर आठव्या ठोक्याला ‘टक्’ झाले, तर सेकंदाला सुमारे ५२१ कंपने होतात; नवव्याला झाले, तर ४६३. अंतर वाढले की सूर उतरतो. मधले सूर मात्र सहज मिळत नसत, त्यामुळे धून थोडी बेसूर होई.

उपयोग काय होता?

ट्युरिंग यांना गाणे वाजवायचे नव्हते. काम संपले किंवा चूक झाली, हे यंत्राने आवाजाने कळवावे, एवढाच हेतू होता. शाळाशिक्षक ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मात्र १९५१ मध्ये त्यावर ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवून दाखवले. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राचे संगीत ध्वनिमुद्रित केले.

पुढे काय झाले?

ज्या राजसत्तेचे गीत यंत्राने वाजवले, तिच्याच न्यायालयाने १९५२ मध्ये ट्युरिंग यांना समलैंगिक संबंधांबद्दल दोषी ठरवले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी, सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. राजमाफी मिळाली ती २०१३ मध्ये. बीबीसीच्या ध्वनिमुद्रिकेचा वेग चुकलेला होता. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तो दुरुस्त केला. त्यामुळे त्या यंत्राचा मूळ आवाज आता पुन्हा ऐकता येतो.