लाकडावर रान कोरणारा कारागीर : थॉमस ब्युइक

गणराय हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत एका कलावंताची ओळख करून द्यावी, असे मनात होते. रंग आणि कुंचला हाती घेणाऱ्यांवर पुष्कळ लिहिले जाते. म्हणून येथे हातात कोरणी घेऊन जन्मभर लाकडाच्या लहान लहान ठोकळ्यांवर पशुपक्षी कोरणाऱ्या एका इंग्रज कारागिराची कथा सांगतो. त्याचे नाव थॉमस ब्युइक.

रेल्वेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना जॉर्ज स्टीफनसन हे नाव नवे नाही. इंग्लंडच्या उत्तरेस, टाइन नदीकाठच्या वायलम गावी १७८१ साली स्टीफनसनचा जन्म झाला. तेथून चार-पाच मैलांवर, त्याच नदीच्या खोऱ्यात, चेरीबर्न नावाच्या शेतावरील घरात ऑगस्ट १७५३ मध्ये ब्युइक जन्मला. वडील कुळाने थोडी जमीन कसत आणि एक लहानशी कोळशाची खाण चालवीत. आठ भावंडांत थॉमस थोरला. अभ्यासापेक्षा चित्रांतच त्याचे लक्ष अधिक. पुस्तकांचे समास भरले की चर्चमधील थडग्यांच्या फरशा आणि घरातील चुलीपुढची जमीन खडूच्या चित्रांनी भरून जाई. चित्रकला त्याला कोणी शिकवली नाही. ओढे, झाडी, गुरे आणि पाखरे हीच त्याची शाळा.

१७६७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला न्यूकॅसल शहरात राल्फ बीलबी या कोरीवकाम करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीसाठी ठेवले. आज आपण अप्रेंटिस म्हणतो, तसाच प्रकार. या कारखान्यात पडेल ते काम होई. घड्याळाच्या तबकड्या, दारावरच्या पितळी पाट्या, शवपेटीवरची नावे, चांदीच्या भांड्यांवरची नक्षी, शिक्के असे सारे काही. त्यातले लाकडावरचे काम मात्र हलके समजले जाई. बीलबीला त्याची आवड नव्हती, म्हणून ते या पोराकडे आले. चार्ल्स हटन या गणितज्ञाच्या क्षेत्रमापनावरील ग्रंथासाठी आकृत्या हव्या होत्या, त्याही थॉमसनेच लाकडात कोरल्या. भूमितीच्या आकृतीत रेघ केसभर सरकली तरी ती चुकते. तेव्हा हाताला शिस्त लागली ती इथेच.

त्याच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. लाकडी ठसे पूर्वीही होते, पण ते बहुधा फळीच्या बाजूवर, रेषांच्या दिशेने, सुरीने कापलेले असत. बारीक काम करू जावे तर लाकूड रेषेत ढलपून येई. ब्युइकने बॉक्सवूड नावाचे अतिशय घट्ट लाकूड घेतले आणि ओंडक्याच्या आडव्या छेदावर, म्हणजे जिथे वाढीची वर्तुळे दिसतात त्या बाजूवर, धातूवर चालणाऱ्या कोरणीने काम केले. आडव्या छेदावर कोरणी कोणत्याही दिशेने सारखीच फिरते. ही युक्ती त्याने प्रथम शोधली असे नाही, पण तिची खरी ताकद त्याने दाखवली. ठशावर जेथे कोरले तेथे शाई लागत नाही, म्हणजे कोरलेली रेघ कागदावर पांढरी उमटते. म्हणून ब्युइक काळ्यातून पांढरे काढत जाई. दूरचे डोंगर फिके दिसावेत म्हणून तो ठोकळ्याचा तेवढा भाग आधीच किंचित खरवडून खाली घेई, मग तेथे दाब कमी बसे.

शिवाय असा ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्या उंचीचा असे. त्यामुळे मजकूर आणि चित्र एकाच यंत्रावर, एकाच दाबात छापता येई. तांब्याच्या पत्र्यावरील चित्रांना वेगळे यंत्र आणि वेगळी छपाई लागे, खर्चही वाढे. चित्रांचे पुस्तक सामान्य वाचकाच्या आवाक्यात येण्यास या ठोकळ्याचा मोठा हातभार लागला.

उमेदवारी संपल्यावर त्याच्या लाकडी चित्रांना लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सचे सात गिनींचे बक्षीस मिळाले. ते पैसे त्याने आईच्या हाती दिले. १७७६ साली तो पोटापाण्यासाठी लंडनला गेला खरा, पण तेथे त्याचा जीव रमला नाही. गावापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना हे वेगळे सांगायला नको. वर्षभराच्या आत तो न्यूकॅसलला परतला आणि १७७७ मध्ये बीलबीचा भागीदार झाला. शहरात राहूनही तो वेळोवेळी अकरा-बारा मैल पायी चालत आईवडिलांना भेटायला जाई.

१७८५ साली आई आणि पाठोपाठ वडील वारले. वडील गेले तो दिवस १५ नोव्हेंबर. त्याच दिवशी त्याने चतुष्पाद प्राण्यांच्या पुस्तकाचा पहिला ठोकळा, उंटाचा, कोरला. दिवसा पोटाचे काम आणि रात्री हे, असे करीत १७९० मध्ये पुस्तक निघाले. परदेशी प्राणी त्याने पुष्कळसे इतरांच्या चित्रांवरून आणि फिरत्या प्राणिसंग्रहांत पाहून काढले. पण घोडा, कुत्रा, मेंढी हे घरचे प्राणी असे उतरले आहेत की आता हलतील असे वाटावे.

त्याच्या एका मोठ्या ठोकळ्याची कथा चटका लावणारी आहे. चिलिंगहॅम येथील रानटी पांढऱ्या गुरांतला बैल त्याने १७८९ मध्ये कोरला. मोजक्याच प्रती निघाल्या आणि ठोकळा उष्णतेने तडकला. लाकडी स्लीपर हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही. उन्हात आडव्या छेदाला चीर पडू नये म्हणूनच स्लीपरच्या टोकांना तारेचे बंधन घालावे लागे. पुढे या बैलाच्या ठोकळ्यालाही धातूचे बंधन घालून पुन्हा छपाई करण्यात आली.

नंतर आले त्याचे सर्वांत गाजलेले काम, ब्रिटनमधील पक्ष्यांवरील ग्रंथ. १७९१ मध्ये वायक्लिफ येथील संग्रहात जाऊन त्याने पेंढा भरलेले पक्षी रेखाटले. पण मेलेल्या पक्ष्याची ढब खोटी वाटते, हे त्याला लगेच उमगले. मग शक्य तेथे जिवंत किंवा नुकताच हाती आलेला पक्षीच समोर ठेवण्याचा त्याने प्रयत्न केला. पहिला भाग १७९७ साली तयार झाला, आणि तेथेच ठिणगी पडली. मजकूर मुख्यतः बीलबीने लिहिला होता, त्यामुळे मुखपृष्ठावर लेखक म्हणून आपले नाव हवे, असा त्याचा आग्रह. मजकूर तपासून दुरुस्त करण्यात आपलाही वाटा आहे, आणि पुस्तक उभे आहे ते चित्रांवर, असे ब्युइकचे म्हणणे. अखेर मध्यस्थांनी निवाडा केला. लेखकाचे नाव वगळले गेले आणि चित्रे लाकडावर टी. ब्युइक याने कोरली, एवढेच छापले गेले. लगेच १७९८ मध्ये भागीदारी मोडली. पाणपक्ष्यांचा दुसरा भाग १८०४ मध्ये आला, त्याचा मजकूर ब्युइकने एका धर्मगुरू मित्राच्या मदतीने स्वतः लिहिला.

या ग्रंथात प्रकरणांच्या शेवटी उरलेल्या जागेत चिमुकली चित्रे आहेत. पावसात भिजणारा वाटसरू, ओढा ओलांडणारा म्हातारा, बर्फात उपाशी उभी असलेली मेंढी. कित्येकांना ही चित्रे मुख्य चित्रांहून अधिक आवडतात. पण यांतील अनेक चित्रे रॉबर्ट जॉन्सन, ल्यूक क्लेनेल अशा त्याच्या उमेदवारांनी रेखाटलेली वा कोरलेली आहेत आणि मुखपृष्ठावर त्यांची नावे नाहीत. आपल्या हाताच्या कामाला नाव मिळावे म्हणून जो भांडला, त्याच्याच पुस्तकात धाकटे हात अनामिक राहिले. अभ्यासकांनी पुढे ती नावे शोधून काढली, हे बरे झाले.

मुक्या प्राण्यांच्या हालांची ब्युइकला चीड होती. घोड्यांच्या शेपट्या छाटण्याच्या प्रथेला त्याचा विरोध होता. आयुष्याच्या शेवटी तो एक मोठा ठोकळा कोरत होता. जन्मभर राबून टाकून दिलेला, हाडांचा सापळा झालेला एक घोडा पावसात मरणाची वाट पाहत उभा आहे. हे काम पुरे होण्यापूर्वीच ८ नोव्हेंबर १८२८ रोजी ब्युइकचे निधन झाले. आपल्या आईवडिलांच्या गावाजवळ, ओव्हिंगहॅमच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले आहे. आदल्याच वर्षी अमेरिकेचा प्रख्यात पक्षिचित्रकार ऑड्युबॉन त्याला भेटून गेला होता. एका हंसाला आणि अमेरिकेतील एका छोट्या रेन पक्ष्याला आज ब्युइकचे नाव आहे.

कारखान्यात ज्या कामाला कोणी हात लावीना, ते पोराच्या पुढ्यात टाकले गेले आणि त्या पोराने त्याच कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडे डिप्लोमा, पदवी, साहेब, खलाशी अशा पायऱ्या आहेत आणि उद्घाटनाच्या फलकावर कोणाची नावे येतात हे आपण सारे जाणतो. फलकावर जागा थोडी असते, हे खरे. पण काम झाल्यावर, ते कोणाच्या हातून झाले एवढे तरी मोठ्याने सांगायला जागा लागत नाही. कलेच्या अधिपतीसमोर उभे राहताना आपण तेवढे करू या.

गणपती बाप्पा मोरया!