गुरे राखणारा कर्णधार

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. लिहिण्याची सवय नाही. पण स्मरणिकेसाठी चार ओळी द्याव्यात असा आग्रह झाला, म्हणून जयपालसिंग मुंडा यांचे चरित्र सांगते. तेच का, ते शेवटी कळेल.

जयपालसिंगांचा जन्म १९०३ साली रांचीकडील खुंटी भागात टकरा गावी, एका मुंडा आदिवासी घरात झाला. लहानपणी ते गुरे राखीत. पुढे रांचीच्या मिशन शाळेत गेले. हुशारी पाहून तेथल्या पाद्रीसाहेबांनी त्यांना विलायतेला नेले. ऑक्सफर्डला शिकता शिकता त्यांनी हॉकीत नाव कमावले. आय.सी.एस.साठीही ते निवडले गेले. म्हणजे साहेबाची खुर्ची हाताशी आली.

१९२८ साली आपला हॉकी संघ मुंबईहून बोटीने ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला निघाला. कर्णधारपद विलायतेत असलेल्या जयपालसिंगांकडे आले. त्यांना रजा मिळाली नाही, तरी ते खेळायला गेले. संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. मतभेदांमुळे अंतिम सामन्यात ते नव्हते. तरी हॉकीतले आपले पहिले सुवर्णपदक त्यांच्याच संघाचे. परतल्यावर उमेदवारीचे वर्ष वाढवले, तेव्हा त्यांनी ती नोकरीच सोडली.

१९३९ साली ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. घटना समितीत आणि नंतर लोकसभेत त्यांनी आपल्या लोकांची बाजू मांडली. २० मार्च १९७० रोजी ते वारले.

आता कारण सांगते. भिवंडीत आमच्या दारी पाड्यावरची एक कातकरी बाई रानभाजी घेऊन येते. तिची मुलगी शाळेच्या शर्यतीत पहिली आली, तालुक्याला जायचे होते. बुटांपुरते पैसे तिने उसने मागितले. मी मात्र धावून पोट भरत नाही, पोरीला कामाला लाव, असे शहाणपण शिकवले. मुलगी गेली नाही. बाई भाजी आणते, पण त्या दिवसापासून मुलीचा विषय काढीत नाही.

नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक मिळवले. तीही आदिवासी घरातलीच. तिला कुणी माझ्यासारखी भेटली असती तर?

यंदा संक्रांतीच्या वाणाचे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. बूट घेऊन पाड्यावर मीच जाणार आहे. कुणी भगिनी सोबत आल्यास बरे वाटेल.