ट्रॅक्टरला हात देणारे हॅरी फर्ग्युसन

गतवर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या शाळेचे क्रीडांगण सपाट करण्यासाठी एक ट्रॅक्टर आला होता. त्याच्या पाठीमागे माती ओढणारे रुंद लोखंडी पाते जोडलेले होते. शाळेच्या फाटकात चिऱ्यांचा उंचवटा आहे. चालकाने पाते होते तितके वर उचलले, तरी ते चिऱ्यांवर खरडलेच. तो शांतपणे खाली उतरला. पात्याचा माथा ट्रॅक्टरशी जोडणारा जो मधला दांडा असतो, ज्याला ही मंडळी टॉप लिंक म्हणतात, तो त्याने फिरवून आखूड केला. त्यासरशी पाते मागल्या अंगाने वर कलले. मग खालच्या दोन बाहूंना वर ओढणारे उभे दांडेही त्याने दोन्हीकडे सारखेच आखूड केले. एकाच बाजूचा केला तर पाते दुसऱ्या अंगाला झुकते. एवढ्याने वीतभर उंची मिळाली आणि ट्रॅक्टर आत आला. मैदानात पोचताच टॉप लिंक त्याने पुन्हा पूर्ववत लांब केली, कारण कललेले पाते माती नीट कापीत नाही.

भोवती जमलेल्या मुलांपैकी एकाने विचारले, की हे दांडे तीनच का? त्या क्षणी आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधू जाता एका हट्टी आयरिश माणसाचे चरित्र हाती लागले. तेच येथे थोडक्यात देत आहे.

हॅरी फर्ग्युसनचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधील ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल या खेड्यात झाला. अकरा भावंडांत तो चौथा. वडील शेतकरी, कडक धर्मनिष्ठ व करड्या शिस्तीचे. हॅरीला शेतीच्या कष्टांचा मनापासून कंटाळा होता. ज्या मुलाला शेत नकोसे झाले होते, त्याच्याच हातून पुढे जगातल्या शेतकऱ्यांची पाठ हलकी व्हावी, हा योगायोग मोठा गमतीचा खरा! १९०२ साली तो बेलफास्ट शहरी थोरल्या भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या दुकानात दाखल झाला.

तेथे त्याला उड्डाणाचे वेड लागले. स्वतः आखलेल्या व बांधलेल्या विमानातून ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे त्याने सुमारे १३० यार्डांचे उड्डाण केले. आयर्लंडमधील ते पहिले विमानोड्डाण होय. पुढल्या वर्षी न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर तीन मैल उडून त्याने शंभर पौंडांचे बक्षीसही मिळविले. १९११ मध्ये त्याने स्वतःचा मोटारींचा व्यवसाय थाटला आणि लवकरच तेथे ट्रॅक्टरही विकावयास ठेवले.

पहिले महायुद्ध चालू असता अन्नधान्याची टंचाई भासू लागली. १९१७ साली सरकारी शेतीखात्याने आयर्लंडमधील ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी फर्ग्युसन यांच्यावर सोपविली. विली सँड्स या कुशल कारागिरास बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडले आणि जे पाहिले त्याने अस्वस्थ झाले. त्या काळी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने जोडीत. म्हणजे घोडा सोडून त्या जागी यंत्र जुंपले, एवढाच काय तो फरक. नांगराला स्वतःची चाके, स्वतःचे जड वजन. वळावयाचे तर कसरत, मागे सरावयाचे तर पंचाईत. याहून भयंकर गोष्ट निराळीच होती. फाळ जमिनीत दडलेल्या खडकास अडकला, की नांगर थांबे, पण इंजिन ढकलतच राही. ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि सबंध यंत्र मागे चालकाच्या अंगावर उलटे. अशा रीतीने कित्येक शेतकरी प्राणांस मुकले.

नांगर ओढू नये, ट्रॅक्टरने तो अंगावर वागवावा, हा विचार फर्ग्युसन यांच्या मनात येथेच रुजला. प्रथम त्यांनी चाके नसलेला हलका नांगर केला. मग फोर्डसन ट्रॅक्टरसाठी एकावर एक असे दोन दांडे असलेली जोडणी काढली. पुढे तेलाच्या दाबाने उचलण्याची युक्ती तीत आली आणि दांडे तीन झाले. आरंभी त्यांतील दोन वर व एक खाली होता. अनुभवांती हा क्रम उलटा करण्यात आला, तो आजतागायत तसाच आहे.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. खालचे दोन बाहू अवजाराला ओढतात व उचलतात. परंतु केवळ दोनच बाहू असते तर अवजार त्यांच्या टोकांशी भोवऱ्यासारखे गरगर कलंडले असते. वरचा तिसरा दांडा त्याला ताठ उभे ठेवतो. नांगर जमिनीत असता त्याचा माथा पुढे झुकू पाहतो आणि हा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड खाली राहते आणि उलटण्याचा धोका टळतो. खरी करामत याहून पुढची आहे. या दांड्याच्या मुळाशी फर्ग्युसन यांनी एक स्प्रिंग बसविली. माती कठीण लागली की दांड्यावरचा रेटा वाढतो, स्प्रिंग दबते, तेलाची झडप उघडते आणि नांगर किंचित वर उचलला जातो. उचललेल्या नांगराचा भार मागल्या चाकांवर येतो व ती घसरत नाहीत. म्हणूनच लहान, हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टराइतके काम करू शकतो.

ही कल्पना सिद्ध होण्यास पंधराहून अधिक वर्षे लागली. १९३३ साली बेलफास्टमध्ये नमुन्याचा काळा ट्रॅक्टर तयार झाला. १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. पण खप बेताचा आणि दोघांचेही स्वभाव ताठर, तेव्हा भागीदारी फार काळ टिकली नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या घरी गेले. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचे पुत्र. नांगरणी पाहून ते प्रसन्न झाले. एका मेजाशी बसून फर्ग्युसन यांनी किल्लीच्या छोट्या खेळण्याने आपले तत्त्व समजावून दिले आणि दोघांनी हस्तांदोलन केले. फोर्डने ट्रॅक्टर बनवावा, फर्ग्युसनने विकावा. कागद नाही, सही नाही, साक्षीदाराचा अंगठा नाही! १९३९ साली ट्रॅक्टर बाजारात आला. लोकांसमोर तो प्रथम चालविला गेला, तेव्हा एका आठ वर्षांच्या मुलाने त्यावर बसून नांगरून दाखविले. १९४७ पर्यंत तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

परंतु १९४७ मध्ये हेन्री फोर्ड निवर्तले. त्यापूर्वीच कारभार हाती आलेल्या नातवाने हा तोंडी करार मोडीत काढला आणि तीच जोडणी ठेवून स्वतःचा नवा ट्रॅक्टर विकावयास काढला. फर्ग्युसन यांनी २५ कोटी डॉलरांहून मोठ्या रकमेचा दावा लावला. चार वर्षे खटला चालला. १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तडजोड झाली. हाती आलेली रक्कम मागणीच्या मानाने अल्पच. तरीही त्यांनी तो आपला विजयच मानला. आमच्या मते हस्तांदोलनावर एवढा व्यवहार सोपविण्यात त्यांची चूक झाली. मात्र त्या हस्तांदोलनावाचून तो ट्रॅक्टर इतक्या शेतकऱ्यांच्या दारी इतक्या लवकर पोचला असता, असेही वाटत नाही.

खटल्यापूर्वीच, १९४६ पासून, इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. दहा वर्षांत तो पाच लाखांहून अधिक संख्येने निघाला. १९५३ मध्ये मॅसी-हॅरिस या कंपनीशी त्यांचा व्यवसाय एक झाला. त्या सौद्यात दहा लाख डॉलरांचा मतभेद उरला, तो नाणे उडवून मिटविण्यात आला. फर्ग्युसन हरले आणि हरल्याचे त्यांनी विशेष मनावर घेतले नाही. पुढल्याच वर्षी ते कंपनीतून बाहेर पडले व चारही चाकांना गती देणाऱ्या मोटारीच्या प्रयोगात गुंतले. त्यांचे ट्रॅक्टर मात्र फार दूरवर पोचले: एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर गेले, ते अशाच तीन ट्रॅक्टरांवर बसून.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधील राहत्या घरी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासेस एक ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली व पुढे तिने मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनविले. दरम्यान जोडणीच्या पेटंटांची मुदत संपत गेली आणि इतर कारखानदारांनीही तेच तीन दांडे स्वीकारले. आमच्या मैदानावर आलेला ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा होता, हे पाहावयाचे मात्र त्या गडबडीत राहूनच गेले.