डीव्हीडी कन्व्हर्ट करताना चित्र बिघडतंय? मला दादासाहेब फाळके उपयोगी पडले

मागच्या महिन्यात अंधेरीच्या आमच्या घरी माळा आवरताना आजोबांची एक डीव्हीडी सापडली. टीव्हीवर दाखवलेले दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे त्यांनी रेकॉर्डरवर उतरवून घेतले होते. वर मार्करने त्यांच्याच अक्षरात ‘फाळके’. आजोबा आता नाहीत, म्हटलं हे मोबाईलमध्ये ठेवूया. मित्राकडून यूएसबी ड्राइव्ह आणला, हँडब्रेकने एमपीफोर फाइल बनवली आणि बघतो तर काय, कृष्णाने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात! मधेच हिरवट चौकोन.

वैतागून फाळक्यांबद्दल वाचायला घेतलं. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी केली, लोणावळ्याला रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलं. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात तेच बसलं. रात्रंदिवस अभ्यास करून काही काळ दृष्टीच गेली होती. ती परत आल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली.

परत आल्यावर आधी काय केलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम टिपत छोटी फिल्म बनवली. कोरी फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून तिच्या कडेला भोकं पाडायच्या. भोक जरा सरकलं की पडद्यावर चित्र उडणार. म्हणजे चित्र बिघडलं तर कारण फिल्ममध्ये, कॅमेऱ्यात की धुलाईत, हे पायरीपायरीने शोधावं लागणार. (सरस्वतीबाईंचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात का नव्हतं, कोण जाणे.) ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मीही तसंच केलं. डिस्क थेट व्हीएलसीमध्ये चालवली. चौकोन तिथेही, त्याच जागी. म्हणजे दोष डिस्कचा, कन्व्हर्टरचा नाही. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसू नका, चरे वाढतात), दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली आणि आधी पूर्ण डिस्कची आयएसओ कॉपी काढली. बहुतेक चौकोन गेले. बाजारातल्या लॉक असलेल्या डिस्कचं प्रकरण वेगळं, ही घरगुती होती.

कंगव्याचं कारण मात्र मजेशीर निघालं. मूकपट हाताने दांडा फिरवून चित्रित व्हायचे, सेकंदाला साधारण १६ चित्रं. आपल्या टीव्हीला लागतात २५, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. १६ ची २५ करताना काही फ्रेममध्ये एक अर्धं या चित्राचं, दुसरं पुढच्याचं येतं. जुन्या टीव्हीवर ते खपून जायचं, मोबाईलवर दिसतं. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीकोंब चालू केलं आणि फ्रेम रेट मूळ फाइलसारखाच ठेवला. कन्व्हर्ट करण्याआधी खात्री करायची असेल तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करून बघा. दात गेले तर रोग हाच.

फाळक्यांनी नव्वदच्या वर चित्रपट केले. बोलपट आले आणि त्यांचे दिवस फिरले. शेवटचा ‘गंगावतरण’ १९३७ चा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात ते गेले. त्यांची बहुतेक रिळं आज नाहीत, उरले ते तुकडे कुणीतरी वेळेवर जपले म्हणून. आजोबांच्या डिस्कची मागची बाजूही डागाळायला लागलीच होती.

‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी. आता ती माझ्या फोनवर नीट हात हलवते. शेवटाकडे एका जागी चित्र अजून अडकतं, तिथे डिस्कवर खोल चरा आहे. ती फाइल आईला पाठवली. तिने दोनदा पाहिली आणि विचारलं, आजोबांच्या बाकीच्या डिस्क कुठे आहेत?