कार्लो गुझी

कार्लो गुझी (जन्म : ४ ऑगस्ट १८८९, मिलान, मृत्यू : ३ नोव्हेंबर १९६४) हे इटलीतील मोटारसायकल रचनाकार आणि मोटो गुझी या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. कोमो सरोवराच्या काठावरील मांडेलो देल लारियो या छोट्या गावात त्यांनी उभारलेला कारखाना पुढे युरोपातील अग्रगण्य मोटारसायकल कारखान्यांमध्ये गणला गेला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मोटारसायकलच्या क्षेत्रावर ब्रिटिश यंत्रांचा दबदबा होता. अशा काळात इटालियन मोटारसायकलींकडे देशातील आणि देशाबाहेरील स्वारांचे मन प्रथम वळवणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये गुझी यांचा समावेश होतो. कंपनीला त्यांचे नाव असले तरी सुरुवातीला ते तिचे मालक नव्हते.

पूर्वायुष्य

कार्लो गुझी यांचा जन्म मिलान येथे झाला. त्यांचे वडील पालामेदे गुझी हे अभियंता होते. मांडेलो देल लारियो या गावाशी कुटुंबाचा जुना संबंध होता आणि वडिलांच्या निधनानंतर कुटुंब तेथेच राहू लागले. कार्लो यांना लहानपणापासून यंत्रांची आवड होती. गावातील जॉर्जो रिपामोंती या लोहारकाम व यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या कार्यशाळेत त्यांचा बराच वेळ जाई. तेथे त्यांना दुरुस्तीसाठी आलेली यंत्रे उघडून पाहता आली. ती कोठे झिजतात, कोठे तुटतात आणि कशामुळे बंद पडतात, याचे ज्ञान त्यांना प्रत्यक्ष कामातून मिळाले. त्यांच्या पुढील सर्व रचनांवर या अनुभवाची छाप दिसते.

महायुद्ध आणि तीन मित्र

पहिल्या महायुद्धात गुझी इटालियन नौदलाच्या विमानदलात यंत्रज्ञ म्हणून काम करत होते. व्हेनिस येथील तळावर त्यांची ओळख जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी रावेल्ली या दोन वैमानिकांशी झाली. पारोदी हे जेनोव्हातील जहाजमालक घराण्यातील तरुण होते, तर रावेल्ली युद्धापूर्वीच मोटारसायकल शर्यतींमुळे प्रसिद्धीस आले होते. त्या काळच्या मोटारसायकलींतील उणिवा आणि त्या दूर करण्याचे उपाय गुझी या दोघांना समजावून सांगत. युद्ध संपल्यावर तिघांनी मिळून मोटारसायकली तयार करायच्या, असे ठरले. गुझी यांनी रचना करावी, पारोदी यांनी भांडवल मिळवावे आणि रावेल्ली यांनी शर्यती जिंकून यंत्राचे नाव करावे, अशी कामाची वाटणी होती.

ही योजना ठरल्याप्रमाणे पूर्ण होऊ शकली नाही. युद्ध संपून वर्षही झाले नव्हते, तोच ११ ऑगस्ट १९१९ रोजी विमान अपघातात रावेल्ली यांचा मृत्यू झाला. दोघा मित्रांनी त्यांची आठवण म्हणून पंख पसरलेला गरुड हे कंपनीचे बोधचिन्ह निवडले. विमानदलाच्या चिन्हावरून घेतलेला हा गरुड आजही मोटो गुझीच्या प्रत्येक मोटारसायकलच्या टाकीवर असतो.

पहिली मोटारसायकल

जॉर्जो पारोदी यांनी भांडवलासाठी आपले वडील एमान्युएले व्हित्तोरियो पारोदी यांना विनंती केली. ३ जानेवारी १९१९ रोजी लिहिलेल्या पत्रात वडिलांनी पहिल्या प्रयोगासाठी १,५०० ते २,००० लिरा देण्याचे मान्य केले. ही मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये, अशी अट त्यांनी घातली. मात्र तयार झालेली रचना पसंत पडल्यास पुढे हात आखडता घेणार नसल्याचेही कळवले.

या पैशांतून रिपामोंती यांच्या कार्यशाळेच्या आधाराने पहिला नमुना तयार झाला. गुझी आणि पारोदी यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जी. पी.’ हे नाव मिळाले. त्याचे इंजिन सुमारे ५०० सीसी क्षमतेचे आणि एका सिलिंडरचे होते. चार झडपा, सिलिंडरच्या माथ्यावरील कॅमदंड आणि दोन स्पार्क प्लग ही त्याची रचना त्या काळाच्या मानाने अतिशय प्रगत होती. परंतु असे इंजिन तयार करण्याचा खर्च मोठा होता आणि सामान्य ग्राहकाला ही मोटारसायकल परवडणे शक्य नव्हते.

त्यामुळे विक्रीसाठी मोटारसायकल तयार करताना गुझी यांनी आपल्या आवडत्या रचनेला मुरड घातली. चारऐवजी दोन झडपा ठेवल्या, माथ्यावरील कॅमदंड काढून टाकला आणि इंजिन सोपे केले. ‘नोर्माले’ नावाची ही मोटारसायकल सुमारे ८ अश्वशक्तीची होती. १९२१ मध्ये अशा केवळ १७ मोटारसायकली तयार झाल्या. चार झडपांची कल्पना मात्र त्यांनी सोडून दिली नव्हती. पुढे शर्यतींच्या मोटारसायकलींमध्ये ती पुन्हा वापरण्यात आली.

कंपनीची स्थापना

१५ मार्च १९२१ रोजी जेनोव्हा येथे मोटो गुझी कंपनीची नोंदणी झाली. ‘जी. पी.’ ही अक्षरे जॉर्जो पारोदी यांच्या नावाचीही आद्याक्षरे होती. त्यामुळे गैरसमज होऊ नये म्हणून कंपनीला गुझी यांचे नाव देण्यात आले. कंपनीचे आरंभीचे भागधारक मात्र पारोदी कुटुंबातील होते. गुझी यांना मालकी हिस्सा नव्हता. तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलमागे ठरावीक मानधन मिळे. अशा प्रकारे जेनोव्हाचे भांडवल आणि मांडेलोचे यंत्रज्ञान यांच्या भागीदारीतून कंपनी वाढत गेली.

रचनेची वैशिष्ट्ये

गुझी यांच्या इंजिनाचे ठळक वैशिष्ट्य म्हणजे आडवा सिलिंडर. बहुतेक मोटारसायकलींमध्ये सिलिंडर उभा असे. गुझी यांनी तो पुढच्या चाकाच्या दिशेने आडवा बसवला. त्यामुळे सिलिंडरच्या माथ्यावर समोरून येणारा वारा थेट आदळून इंजिन थंड राही, तसेच यंत्राचे वजन जमिनीलगत राहून वळणावर मोटारसायकल स्थिर वाटे. इंजिन आणि गिअरपेटी एकाच आवरणात बसवून त्यांना दातेरी चाकांनी जोडल्यामुळे इंजिन व गिअरपेटी यांमधील साखळीची गरज उरली नाही. मोठे फ्लायव्हील इंजिनाच्या आवरणाबाहेर ठेवल्यामुळे आतील भाग आटोपशीर झाला.

या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८२ मिलिमीटर होती. त्या काळी धाव व्यासापेक्षा अधिक ठेवण्याचा प्रघात होता. गुझी यांनी तो उलटा केला आणि ही मापे त्यांच्या ५०० सीसी इंजिनांत अनेक दशके कायम राहिली. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन कमी वेगावरही न अडखळता चाले. त्याचा संथ, एकसारखा ठोका दुरूनही ओळखू येई. अनेक स्वारांना या मोटारसायकलींचा लळा लागला तो प्रथम या आवाजामुळे. भरवशाचे यंत्र आणि सोपी देखभाल यांमुळे तो टिकून राहिला.

आरंभीच्या शर्यती आणि ‘नॉर्जे’

रावेल्ली हयात नसले तरी शर्यतींद्वारे नाव मिळवण्याची मूळ योजना कायम राहिली. १९२१ मध्येच जिनो फिन्झी यांनी सिसिलीतील तार्गा फ्लोरियो शर्यत मोटो गुझीवर जिंकली. १९२४ मध्ये गुइदो मेंतास्ती यांनी माँझा येथे युरोपीय अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या मोटारसायकलचे इंजिन चार झडपांचे होते. जी रचना तीन वर्षांपूर्वी खर्चामुळे बाजूला ठेवावी लागली होती, तिची योग्यता या विजयाने सिद्ध झाली.

त्यानंतर गुझी यांनी दूरच्या प्रवासाच्या सोयीकडे लक्ष दिले. त्या काळी मोटारसायकलचे मागचे चाक चौकटीला ताठ जोडलेले असे, त्यामुळे खराब रस्त्याचा प्रत्येक धक्का स्वाराच्या पाठीला बसे. मागे स्प्रिंग बसवल्यास मोटारसायकल डगमगेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. कार्लो यांनी आपले बंधू जुझेप्पे गुझी यांच्यासह इंजिनाखाली स्प्रिंग असलेली चौकट तयार केली. ही समजूत दूर करण्यासाठी १९२८ मध्ये जुझेप्पे स्वतः या मोटारसायकलवरून इटलीतून नॉर्वेमार्गे उत्तर ध्रुववृत्तापलीकडे गेले. कच्च्या रस्त्यांवरून केलेल्या या प्रवासामुळे या मोटारसायकलला ‘नॉर्जे’ म्हणजे नॉर्वे हे नाव पडले.

आयल ऑफ मॅनमधील विजय

ब्रिटिशांचा गड मानल्या जाणाऱ्या आयल ऑफ मॅन टी. टी. शर्यतीत १९३५ साली या चौकटीची खरी कसोटी लागली. आयरिश स्वार स्टॅन्ली वुड्स यांनी प्रथम २५० सीसी गटाची शर्यत मोटो गुझीवर जिंकली. त्यानंतर ५०० सीसी मोटारसायकलींच्या मुख्य शर्यतीत ते दोन सिलिंडरांची मोटो गुझी घेऊन उतरले. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी नॉर्टनचे जिमी गथ्री होते.

सात फेऱ्यांच्या या शर्यतीत अखेरची फेरी सुरू झाली तेव्हा वुड्स २६ सेकंदांनी मागे होते. इंधन घेण्यासाठी ते थांबतील असे वाटत होते आणि गुझीच्या पथकानेही तशी तयारी दाखवली होती. प्रत्यक्षात वुड्स न थांबता पुढे निघून गेले. स्वार ठरावीक अंतराने सोडले जात असल्यामुळे गथ्री यांनी आधीच शर्यत पूर्ण केली होती आणि विजेते म्हणून त्यांचे अभिनंदनही सुरू झाले होते. वुड्स यांची वेळ नोंदवली गेली तेव्हा ते चार सेकंदांनी विजयी ठरले. १९११ नंतर प्रथमच या मुख्य शर्यतीत ब्रिटनबाहेरची मोटारसायकल पहिली आली होती. विजयी मोटारसायकलला मागेही स्प्रिंग होती. ताठ चौकटीविना वेग साधत नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

१९३७ मध्ये ओमोबोनो तेन्नी यांनी २५० सीसी गटात विजय मिळवला. आयल ऑफ मॅनमधील टी. टी. शर्यत जिंकणारे ते पहिले इटालियन होत. या विजयांमुळे ब्रिटिश स्वारांमध्येही इटालियन मोटारसायकलींविषयी कुतूहल आणि आदर निर्माण झाला.

युद्धोत्तर काळ

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने इटालियन सैन्यासाठी ‘आल्चे’ या मोटारसायकली तयार केल्या. युद्धानंतर देशात पैसा, पेट्रोल आणि कच्चा माल यांची टंचाई होती. १९४६ मध्ये आलेली ‘मोतोलेज्जेरा ६५’ ही ६४ सीसीची हलकी मोटारसायकल अशा परिस्थितीत लोकांच्या उपयोगी पडली. आंतोनियो मिकुच्ची यांनी तिची रचना केली होती. लोक तिला लाडाने ‘गुझीनो’ म्हणजे छोटी गुझी म्हणत. कारखान्यात किंवा शेतावर कामाला जाणाऱ्या असंख्य कुटुंबांचे ते पहिले यांत्रिक वाहन ठरले. १९५० मध्ये ‘गालेत्तो’ ही मोठ्या चाकांची, स्कूटरसारखी गाडी आली. खेडोपाडी फिरणाऱ्या धर्मगुरूंमध्ये ती विशेष लोकप्रिय झाली. त्याच वर्षी आलेल्या ‘फाल्कोने’ने आडव्या सिलिंडरची परंपरा पुढे चालवली.

१९५० मध्येच मांडेलोच्या कारखान्यात वातबोगदा उभारण्यात आला. वाऱ्याच्या विरोधाचा अभ्यास करण्यासाठी मोटारसायकल कारखान्याने स्वतः बांधलेला तो जगातील पहिला वातबोगदा मानला जातो. कारखान्याचे नौकानयन पथकही होते. या पथकातील नाविकांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार वल्हेकऱ्यांच्या, सुकाणूधाराविना होणाऱ्या स्पर्धेत इटलीला सुवर्णपदक मिळवून दिले.

१९४९ ते १९५७ या काळात मोटो गुझीच्या स्वारांनी २५० आणि ३५० सीसी गटांत आठ जागतिक अजिंक्यपदे मिळवली. या यशात रचनाकार जुलियो चेझारे कार्कानो यांचा मोठा वाटा होता. त्यांनी ५०० सीसी गटासाठी आठ सिलिंडरांची मोटारसायकलही तयार केली. तिचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या पुढे गेला; परंतु तिला स्थिर यश मिळण्यापूर्वीच १९५७ अखेरीस कंपनीने जिलेरा आणि मोंदियल यांच्यासह जागतिक शर्यतींतून माघार घेतली.

अखेरची वर्षे

१९५५ मध्ये जॉर्जो पारोदी यांचे निधन झाले. तिघा मित्रांपैकी आता फक्त गुझी उरले होते. याच सुमारास इटलीत स्वस्त छोट्या मोटारी मिळू लागल्याने मोटारसायकलींचा खप घटत गेला. ३ नोव्हेंबर १९६४ रोजी गुझी यांचे निधन झाले, तेव्हा कंपनी आर्थिक अडचणीत होती. १९६७ मध्ये ‘सेइम’ या संस्थेने तिचा कारभार हाती घेतला.

वारसा

१९६७ मध्ये बाजारात आलेल्या ‘व्ही-७’ या मोटारसायकलपासून कंपनीचा नवा काळ सुरू झाला. कार्कानो यांनी रचलेल्या तिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर डोकावत. हीच पुढे कंपनीची ओळख बनली. २००४ पासून मोटो गुझी पियाजिओ समूहात आहे. या समूहाचा भारतातील कारखाना पुणे जिल्ह्यातील बारामती येथे आहे.

मोटो गुझीचा कारखाना आजही मांडेलो देल लारियो येथेच आहे. कारखान्याच्या संग्रहालयात ‘जी. पी.’पासून आठ सिलिंडरांच्या यंत्रापर्यंतच्या मोटारसायकली जतन केलेल्या आहेत. निरनिराळ्या देशांतील स्वार आपापल्या मोटो गुझी घेऊन या गावात येत असतात. गुझी, पारोदी आणि रावेल्ली यांनी युद्धकाळात आखलेल्या योजनेची खूण असलेला गरुड त्यांच्या टाकीवर कायम आहे.