विश्लेषण : ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाला शिशाची उघडी गोळी का मानवत नाही?

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेला कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, त्यांपैकीच हे एक. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. एकलहरे-देवळालीपासून पंचवटीपर्यंत नाशिककरांना हा इतिहास ठाऊक आहे. पण हे ब्राउनिंग कोण होते? आणि नेमबाजीत स्वस्त पडणारी ओतीव शिशाची गोळी त्यांच्या धाटणीच्या पिस्तुलात घालताना काळजी का घ्यावी लागते?

जॉन ब्राउनिंग कोण होते?

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटामधील ऑग्डेन येथे झाला. वडील जोनाथन बंदुका घडवत आणि दुरुस्त करत. जॉन यांचे खरे शिक्षण वडिलांच्या दुकानातच झाले. कुमारवयातच त्यांनी तिथे स्वतःची बंदूक तयार केली. १८७९ मध्ये त्यांना एकबारी रायफलचे पेटंट मिळाले आणि १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने तिचे हक्क ८,००० डॉलरना विकत घेतले. पुढे त्यांच्या नावावर एकूण १२८ पेटंट जमा झाली.

स्वयंचलित शस्त्राची कल्पना कशी सुचली?

१८८९ च्या सुमारास नेमबाजी सुरू असताना नळीतून सुटणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत वाकते, हे ब्राउनिंग यांच्या लक्षात आले. ही वाया जाणारी ताकद पुढची गोळी भरण्यासाठी वापरता येईल, असे त्यांना वाटले. त्यातून आधी मशीनगन तयार झाली. पिस्तुलासाठी त्यांनी गोळी सुटताना बसणारा मागचा धक्का वापरला. या धक्क्याने वरची ‘स्लाइड’ मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते.

१८९७ मध्ये त्यांनी बेल्जियममधील एफएन कंपनीशी करार केला आणि लीएजजवळच्या एर्स्टाल येथील कारखान्यात ही पिस्तुले तयार होऊ लागली. १९११ मध्ये त्यांचे .४५ पिस्तूल अमेरिकी लष्कराने स्वीकारले.

यात शिशाचा प्रश्न कुठे येतो?

जुन्या बंदुकीत काळी दारू आणि शिशाची गोळी असे. १८८६ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू लष्करी वापरात आणली. तिच्यामुळे गोळीचा वेग आणि नळीतला दाब वाढला. मऊ शिसे नळीतल्या पेचदार खाचांना चिकटू लागले. त्यावर उपाय म्हणून शिशावर तांब्याचे किंवा निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढवले गेले. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्येच अशी गोळी तयार केली होती.

ब्राउनिंग यांची पिस्तुले अशा कवचधारी गोळ्यांच्या जमान्यात घडली. इथे काडतूस हाताने भरले जात नाही. ते वेगाने उतारावरून सरकत नळीत शिरते. कवचाचे टोक सहज घसरते, मऊ शिसे मात्र अडकू शकते किंवा चेपू शकते.

मग शिशाची गोळी वापरूच नये का?

वापरता येते, अनेक देशांत नेमबाज ती वापरतात. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

• गोळी शुद्ध शिशाची नसावी. अँटिमनी आणि कथील मिसळून ती कठीण केलेली असावी.

• गोळीचा व्यास नळीपेक्षा किंचित जास्त हवा. सैल गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे वितळवतो आणि त्याचा थर नळीत बसतो.

• दारू कमी पडली तर स्लाइड पुरती मागे जात नाही. गोळी नळीतच अडकली आणि पुन्हा चाप ओढला, तर नळी फुटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर तिथेच थांबून शस्त्र रिकामे करावे आणि नळी तपासावी.

• काही आधुनिक पिस्तुलांच्या नळीत धारदार खाचांऐवजी गोलसर पैलू असतात. अशा नळ्यांत शिसे साचून दाब वाढण्याचा धोका असतो. म्हणूनच ग्लॉक कंपनी कवच नसलेली शिशाची गोळी वापरू नये, असे सांगते.

• शिसे आणि वंगणाचा थर वेळीच साफ करावा. तो साचला तर काडतूस पूर्ण बसत नाही.

आरोग्य आणि कायदा काय सांगतो?

शिसे हे विष आहे. गोळीबारातून उडणारी त्याची धूळ श्वासातून आणि हातांवरून शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक ठरते. त्यामुळे बंदिस्त रेंजवर हवा खेळती हवी. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. तेच कपडे घालून घरात मुलांना जवळ घेऊ नये.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना आवश्यक आहे. त्यामुळे घरच्या घरी काडतुसे तयार करणे हा गुन्हा ठरतो.

ब्राउनिंग यांचा वारसा आज कुठे दिसतो?

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी कारखान्यात काम करत असतानाच हृदयविकाराने ब्राउनिंग यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले पिस्तूल दियुदोने सेव्ह यांनी पूर्ण केले. १९३५ मध्ये ते ‘हाय पॉवर’ नावाने बाजारात आले. त्याच घडणीचे ९ मिमी पिस्तूल पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागले आणि भारतीय सुरक्षा दलांच्या हाती आले. सव्वाशे वर्षांनंतरही जगातली बहुतेक पिस्तुले ब्राउनिंग यांच्या स्लाइडवरच चालतात. त्यांच्या रचनेत गोळी हाही यंत्राचाच एक भाग आहे. तो बदलायचा असेल, तर बाकीचे यंत्र तो पेलेल का, हे आधी तपासावे लागते.